पंख्याच्या आवाजावर भावोजींचा उपाय

भावोजींनी ज्या घरातला कॉम्प्युटर दुरुस्त केला, त्या घराने वर्षभराच्या आत नवा कॉम्प्युटर घेतला, असा आजवरचा अनुभव आहे. भावोजी स्वतः ही गोष्ट अभिमानाने सांगतात. त्यांच्या मते, एकदा त्यांचा हात लागला की लोकांना चांगल्या मशीनची चटक लागते आणि मग जुनं डबडं नकोसं होतं. इतरांचं मत निराळं आहे, पण ते भावोजी जिना उतरून गेल्यावरच बोललं जातं.

नात्याने ते फक्त बायकोच्या धाकट्या बहिणीचे भावोजी. पण ही धाकटी त्यांना ज्या नावाने हाक मारायची ते नाव सगळ्यांनीच उचललं आणि आता ऑफिसातले लोकही त्यांना भावोजीच म्हणतात. नोकरी विमा कंपनीच्या हिशेब विभागात. तिथे एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी मोठ्या साहेबांच्या देखत ओढून बाहेर काढला. कागद अख्खा निघाला. त्या दिवसापासून भावोजींना कॉम्प्युटरमधलं कळतं असं ऑफिसात मानलं जाऊ लागलं, आणि भावोजींनी ते सगळ्यात आधी मानलं.

त्यांचा उपाय एकच होता. कॉम्प्युटर हळू चालतो? सगळं पुसा आणि नवी सिस्टम टाका. प्रिंटर छापत नाही? नवी सिस्टम टाका. माउस अडकतो? त्यालाही तेच. सर्दीपासून मोडलेल्या हाडापर्यंत प्रत्येक रोग्याला एकच काढा पाजणाऱ्या वैद्याइतका त्यांचा हात बसला होता आणि रोग्याला काय होतंय हे विचारण्याची गरज त्यांना त्या वैद्याइतकीच कमी वाटे.

धाकटीच्या कॉम्प्युटरचा पंखा आवाज करत होता. एवढंच. तिने थोरलीला, म्हणजे भावोजींच्या बायकोला, फोन करून विचारलं होतं, "ताई, तुझ्याकडे तो मऊ ब्रश आहे ना, फटीतली धूळ काढायचा? आज येताना घेऊन ये. चार वाजता माझी मुलाखत आहे आणि हा पंखा असा घरघरतोय की समोरच्यांना वाटायचं मी गिरणीत बसलेय."

थोरली ब्रश घेऊन आली. भावोजी बिनबोलावता आले आणि येताना पेन ड्राइव्ह घेऊन आले.

या मुलाखतीची गोष्ट आधी सांगायला हवी. धाकटी रस्त्यांखालच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची. कुठली नळी कुठे वळते, कुठे व्हॉल्व्ह आहे, गटार तिच्या वरून जातं की खालून, हे सगळं तिच्या रेघांमध्ये बोटभर चूक न होता असायचं. ती जिथे काम करायची ते ऑफिस गेल्या वर्षी बंद पडलं. तेव्हापासून ती मिळेल ते फुटकळ काम करत होती आणि मुलाखती देत होती. ही शेवटची फेरी होती आणि ऑफिस मोठं होतं. त्यांनी स्पष्ट कळवलं होतं की तुमचे नकाशे स्क्रीनवर दाखवून, मोठे करून, एकेक वळण समजावून सांगा, तेव्हा कॉम्प्युटरवरूनच या. तीन जण विचारणार होते. त्यांच्यापैकी एकाला उद्या परगावी जायचं होतं, म्हणून वेळ बदलून मिळणार नव्हती.

दाखवायच्या नकाशांच्या, कुठल्याही मशीनवर उघडतील अशा, पीडीएफ करून झाल्या होत्या, म्हणून धाकटी दुपारी निर्धास्तपणे केस कापायला खालच्या गल्लीत गेली. जाताना म्हणाली, "भावोजी, पंखा तेवढा ताई बघेल हं. तुम्ही चहा घ्या."

"जा गं तू, चिमणे," भावोजी म्हणाले. चाळिशीला टेकलेल्या बाईला ते अजूनही चिमणे म्हणत. "आलीस की ओळखणार नाहीस मशीन."

हे त्यांचं त्या दिवसातलं एकमेव बरोबर निघालेलं भाकीत.

धाकटी परतली तेव्हा पडद्यावर निळं पान होतं आणि एक पांढरी पट्टी सावकाश उजवीकडे सरकत होती. थोरली ब्रश हातात घेऊन दारात उभी होती.

"मी म्हटलं त्यांना," थोरली म्हणाली. "म्हटलं, पंखा आहे तो, पंखा. तर म्हणाले, आवाज हे लक्षण आहे, रोग आत आहे."

"माझे नकाशे?" धाकटीचा आवाज एवढासा झाला.

"डी ड्राइव्हला हात लावलेला नाही," भावोजींनी मान न वळवता सांगितलं. "मी काय खाटीक आहे का? नकाशे जागच्या जागी आहेत. उलट तुला जागा वाढवून दिली. कंपनीवाले डिस्कचा एक तुकडा चोरून लपवून ठेवतात, माहितेय? आपल्या पैशाच्या डिस्कवर यांचं बिऱ्हाड! तो उडवला आधी. प्रत्येक मशीनचा उडवतो मी."

तो तुकडा कंपनीने ठेवलेला होता हे खरं. त्यात त्या मशीनचे ड्रायव्हर होते, म्हणजे आतल्या प्रत्येक भागाला कसं चालवायचं हे सांगणारे छोटे प्रोग्राम. ते आवाजाचं काम करतात, पडद्याचं करतात, आणि ज्या भागात नेटची केबल खुपसतात त्या नेटवर्क अडॅप्टरचंही करतात. भावोजींनी हे बिऱ्हाड आजवर पंधरा-वीस घरांतून हलवलं होतं. ती घरं नवा कॉम्प्युटर का घेतात, याचा हा एक खुलासा होऊ शकतो.

पट्टी उजव्या टोकाला पोचली. नवी कोरी सिस्टम उघडली. भावोजींनी दोन्ही हात डोक्यामागे घेऊन खुर्ची मागे रेलली. "घे. लोण्यासारखं चालतंय."

पंखा घरघरतच होता.

धाकटीने वाकून पडद्याचा खालचा कोपरा पाहिला. नेटच्या चिन्हावर फुली होती.

"भावोजी, नेट नाहीये."

"येईल. पहिल्यांदा उठलंय, डोळे चोळतंय अजून."

ते आलं नाही. भावोजींनी केबल काढून पुन्हा लावली. मग दुसऱ्या टोकाची काढून लावली. मग भिंतीवरच्या राउटरच्या डब्याला दोन टपल्या मारल्या. डब्यावरचे सगळे दिवे हिरवे होते आणि धाकटीचा मोबाइल त्याच डब्यावरून झकास चालत होता, हे तिने सांगून पाहिलं.

"वायरलेसचं वेगळं असतं," भावोजी म्हणाले. "केबलच्या बाजूला कंपनीने काहीतरी केलंय. तू बिल वेळेवर भरतेस ना?"

"भरते."

"मग लाइनमध्ये फॉल्ट असणार."

त्यांनी सिस्टमच्या आतली यादी उघडली. आपल्याला आत कुठे काय आहे ते माहीत आहे अशा थाटात ते यादीवरून माउस फिरवत होते. आवाज आणि पडदा यांचं नव्या सिस्टमने आपल्याजवळच्या ड्रायव्हरवर भागवलं होतं, पण नेटवर्क अडॅप्टर असं लिहिलेली ओळच तिथे नव्हती. तिच्या जागी खाली कुठेतरी पिवळा त्रिकोण लावलेलं एक अनोळखी साधन बसलं होतं. भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि यादी बंद केली.

एव्हाना धाकटीने मोबाइलवर शोधायला सुरुवात केली होती. सगळं आयुष्य नळी कुठे तुंबली आहे हे मागे मागे जात शोधण्यात गेलेलं. ती उभ्यानेच वाचत होती.

"भावोजी, हे बघा. नवी सिस्टम टाकल्यावर अडॅप्टर दिसत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर गेलेला असतो. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा."

"आणि नेट कुठेय?" भावोजी हसले. "म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे नेटवर लिहिणारे असेच."

"पुढे ऐका ना. मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडायचा. मोबाइलमध्ये एक बटण असतं, ते चालू केलं की मोबाइलचं नेट केबलमधून कॉम्प्युटरला मिळतं. अडॅप्टर नसला तरी चालतं."

"ती चार्जिंगची केबल आहे, चिमणे."

"तिच्यातूनच जातं म्हणतायत."

"असं काहीही कशातूनही जात नसतं. मी इतकी वर्षं हे करतोय."

"करून बघायला काय हरकत आहे?" थोरली म्हणाली.

"तुझा ब्रश झाला का फिरवून?" भावोजी म्हणाले.

धाकटीने तरी तिचा मोबाइल जोडून पाहिला. पण त्याचं भोक खिळखिळं झालेलं. केबल एका कोनात दाबून धरली तरच कसाबसा चार्ज व्हायचा, कॉम्प्युटरला तो दिसेचना. थोरलीचा मोबाइल घरी, चार्जिंगला लावलेला. राहिला भावोजींचा. तो नवा होता आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता.

"भावोजी, तुमचा द्या ना जरा."

भावोजींनी खिशावर हात ठेवला. "असा कुठल्याही मशीनला फोन लावायचा नसतो. व्हायरस आला म्हणजे?"

"अहो, तुम्हीच तर आत्ता ते धुऊन पुसून कोरं केलंत," थोरली म्हणाली. "त्यात व्हायरस कुठून येणार? बस पकडून येईल का?"

अडचणीच्या प्रश्नावर भावोजी जे करत तेच त्यांनी केलं. "मी जरा हात-पाय धुऊन येतो," म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन कडी घातली.

न्हाणीघरात भावोजींनी हात धुतले नाहीत. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर नीट ऐकू जाईल. मग एका बोटाने शोधू लागले. पहिल्या पानावर पहिलाच उपाय धाकटीने वाचून दाखवलेला होता. त्यांनी दुसरं पान उघडलं. तिथे तोच उपाय, चित्रांसकट. मोबाइल, केबल, कुठलं बटण, त्यावर गोल करून बाण काढलेला. तिसऱ्या पानावर कोणीतरी लिहिलं होतं की हे लहान मूलही करू शकतं.

भावोजी त्या बाणाकडे बघत राहिले. त्यांना उपाय समजला होता. तो बरोबर आहे हेही समजलं होतं. अडचण एवढीच होती की तो धाकटीने आधी सांगितला होता आणि त्यांनी तो दोघींच्या देखत मोडीत काढला होता. आता बाहेर जाऊन तेच करायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या कमाईवर स्वतःच्या हाताने पाणी सोडायचं. बादलीवर बसल्या बसल्या भावोजींनी मुलाखत आणि आपली इभ्रत यांचा हिशेब केला. हिशेब विभागातला माणूस. त्यांना असं दिसलं की मुलाखती काय, येत राहतात.

आपला म्हणता येईल असा दुसरा एखादा उपाय शोधायचा असं ठरवून ते बाहेर आले.

"कार्ड सैल झालंय," त्यांनी जाहीर केलं. "आतलं. पेटी उघडावी लागेल."

"भावोजी, सव्वातीन झालेत."

"म्हणूनच पटकन उघडूया."

पेटीचे स्क्रू निघाले. भावोजी आत डोकं घालून एकेक वायर दाबू लागले. इतकी धूळ होती की त्यांना शिंक आली आणि धूळ धाकटीच्या मुलाखतीसाठी इस्त्री केलेल्या सदऱ्यावर जाऊन बसली. धाकटी सदरा झटकायला गॅलरीत गेली.

थोरली मात्र पेटीपाशी आली. "व्हा बाजूला." तिने ब्रशने पंख्याच्या पात्यांवरून चार हात फिरवले, धुळीची एक करडी गादी बोटांनी ओढून काढली आणि ती भावोजींच्या पुढ्यात वर्तमानपत्रावर ठेवली. "ही घ्या तुमची आजाराची गाठ."

मशीन चालू केलं तर पंख्याचा आवाज नाही. एवढा शुकशुकाट की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

नेटच्या चिन्हावर फुली तशीच होती.

"आता असं करू," भावोजी पुन्हा खुर्चीत बसत म्हणाले. "माझं पहिलं इन्स्टॉलेशन कुठेतरी बिनसलंय. पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं..." आणि त्यांचा हात पेन ड्राइव्हकडे गेला.

धाकटी गॅलरीतून आत आली होती. लग्न होऊन थोरली यांच्या घरी गेल्यापासून ती या माणसाला भावोजी म्हणत आली होती, त्यांच्या पानात पहिलं वाढत आली होती, त्यांच्या विनोदांना त्यांच्या आधी हसत आली होती. तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा याच पेन ड्राइव्हने घात केला तेव्हा "तो तसाही जुना झाला होता" असं तीच सगळ्यांना सांगत फिरली होती.

"भावोजी, उठा," ती म्हणाली.

"दोन मिनिटं..."

"उठा आधी खुर्चीतून."

आवाज चढलेला नव्हता. नळीसाठी चुकीच्या ठिकाणी खोदणाऱ्या मजुराला थांबवावं, तसा होता. भावोजी उठले. उठून झाल्यावर त्यांना कळलं की आपण उठलो.

"फोन द्या."

"अगं, पण त्यात माझं..."

"अहो, द्या," थोरली म्हणाली. "नाहीतर मी काढून घेईन खिशातून, आणि ते बरं दिसणार नाही."

भावोजींनी मोबाइल काढला, कुलूप उघडून दिलं. दिल्यावर आठवलं. हात पुढे करेपर्यंत उशीर झाला होता.

मोबाइलच्या पडद्यावर ते पान तसंच उघडं होतं. मोबाइल, केबल, गोल, बाण.

धाकटीने ते पाहिलं. मग थोरलीने तिच्या खांद्यावरून पाहिलं. मग दोघींनी भावोजींकडे पाहिलं. न्हाणीघरातला नळ नीट बंद केला नव्हता, त्याची टपटप ऐकू येत होती.

"हे तुम्ही आत वाचलंत?" धाकटीने विचारलं.

"मी... खातरजमा करत होतो."

"झाली?"

"अं?"

"खातरजमा."

भावोजींचं ततपप झालं. "म्हणजे त्यात काही तांत्रिक बाबी..."

"तुम्हाला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "माझी नोकरी जात होती आणि तुम्ही पेटी उघडून बसलात." बोलण्यात घालवायला वेळ नव्हता. तिने केबल लावली, चित्रात दाखवलं होतं ते बटण सरकवलं. कॉम्प्युटरने टिंग केलं. कोपऱ्यातली फुली गेली.

कसलीही खटपट नाही, टपली नाही, स्क्रू नाही. भावोजींना वाटलं, इतक्या सोप्या गोष्टीला दुरुस्ती म्हणणंच चूक आहे.

"फोन सायलेंटवर टाकतेय," धाकटी म्हणाली. "मधे कोणाचा आला तर कापीन. आता दोघंही बाहेर. दार लावून घ्या."

स्वयंपाकघरात थोरलीने चहा टाकला. भावोजी ओट्याशेजारच्या स्टुलावर बसले. हात सारखा खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज येत होता, आधी जरा घाईचा आणि मग बसलेला. "इथे मुख्य नळी गटाराच्या खालून काढायची असा आधी बेत होता. पण मी जागेवर जाऊन पाहिलं..." मग एका पुरुषाचा प्रश्न. मग पुन्हा तीच, सविस्तर. कोणीतरी हसलं, आणि ते हसणं चांगल्यापैकी होतं.

"कनेक्शन छान आहे," भावोजी हळूच म्हणाले. "माझ्या सिमकार्डाची रेंज इथे चांगली येते."

थोरलीने कप त्यांच्यापुढे आदळला. "एक विचारू? तुम्हाला ती हवी होती का हो, ही नोकरी? तिला मिळायला?"

"म्हणजे काय! मी दुपारपासून कोणासाठी खपतोय?"

"तेच विचारतेय. कोणासाठी?"

भावोजींनी चहात बघितलं. चहा गरम होता, म्हणून फुंकर मारायला निमित्त मिळालं. ते बराच वेळ फुंकत राहिले. चहा निवला तरी फुंकत राहिले.

तासाभराने दार उघडलं. धाकटीचा चेहरा थकलेला होता, पण मान ताठ होती. "घेतायत," ती थोरलीला म्हणाली. "आजच सांगितलं. पत्र उद्या येईल म्हणाले. फक्त मूळ नकाशे संध्याकाळपर्यंत पाठवायचेत, त्या बाहेरगावी जाणाऱ्या साहेबांना वाटेत बघायचेत." थोरलीने तिला मिठी मारली, हातातल्या चिमट्यासकट.

"शाब्बास, चिमणे!" भावोजी स्टुलावरून उठले. "बघ, झालं की नाही? शेवट गोड झाला ना? मशीनही झालं, पंखाही झाला..."

"भावोजी," धाकटी म्हणाली, "पंखा ताईने केला. नेट मी केलं. तुम्ही जे केलंत ते मी अजून निस्तरतेय."

ती परत आत गेली. भावोजी तिच्या मागोमाग गेले. कोणी बोलावलं म्हणून नाही. त्यांचा मोबाइल आत होता आणि तो नसेल तर आपण कोण, हे त्यांना नक्की सांगता येत नव्हतं. धाकटीने नकाशे पाठवायला लावले. मोठ्या फायली होत्या, हळूहळू चढत होत्या. तेवढ्यात तिने मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून अडॅप्टरचा ड्रायव्हर उतरवला आणि बसवला. यादीत पिवळा त्रिकोण गेला, त्याच्या जागी नेटवर्क अडॅप्टर अशी ओळ आली, जशी काही ती कुठे गेलीच नव्हती.

मग पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली. बदल पूर्ण होण्यासाठी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागेल, असं तिच्यात लिहिलं होतं. खाली दोन बटणं होती, आत्ता आणि नंतर.

भावोजींचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून, जाणत्या माणसासारखं म्हटलं, "हे मात्र करावंच लागतं हं. आत्ता दाब."

नकाशे अजून अर्धेच गेले होते.

धाकटीने 'नंतर' दाबलं, खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागली. भावोजींचा हात पाठीवरून सुटला. ते तिथेच उभे राहिले. बसा असं कोणी म्हटलं नाही.